सिम हॉकी लीगचा ड्राफ्ट क्लास कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कुठली हॉकी? आणि यात ड्राफ्ट कशाचा होतो?

ही आइस हॉकी. बर्फावर स्केट घालून खेळतात, चेंडूऐवजी रबराची चपटी पक असते आणि एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक, मैदानात असतात. सिम लीगमध्ये प्रत्यक्ष कोणी खेळत नाही. सामने संगणकाचं इंजिन खेळवतं. सिम्युलेशन हॉकी लीग, म्हणजे एसएचएल, आऊट ऑफ द पार्क डेव्हलपमेंट्सच्या 'फ्रँचायझी हॉकी मॅनेजर'वर (एफएचएम) चालते. व्हिक्टरी हॉकी लीगची ओळख एसटीएचएस या इंजिनाशी जोडलेली आहे, आणि एसएचएलसुद्धा एफएचएमवर यायच्या आधी तिथेच होती.

या लीगमध्ये प्रत्येक सदस्य स्वतःचा एक खेळाडू तयार करतो. दर आठवड्याला कामं करून गुण कमावतो आणि ते गुण खेळाडूच्या कौशल्यांवर खर्च करतो. आजवर कमावलेल्या एकूण गुणांना टीपीई म्हणतात. नवा खेळाडू आधी ज्युनिअर लीगमध्ये खेळतो (एसएचएलची ज्युनिअर लीग म्हणजे एसएमजेएचएल) आणि मग मुख्य लीगच्या ड्राफ्टमध्ये येतो. तिथे संघांचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, ठरलेल्या क्रमाने एकेकाला निवडतात.

म्हणून इथे जीएमची निवड दुहेरी असते. कागदावर तो खेळाडू निवडतो, पण त्या खेळाडूमागचा माणूस पुढची दीड-दोन वर्षं दर आठवड्याला लॉगिन करेल का, यावर त्याचा खरा डाव लागलेला असतो. या पानावरची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाभोवती आहेत.

एका क्लासमध्ये कोण कोण येतं?

दोन कट-ऑफ तारखांच्या मध्ये तयार झालेले सगळे खेळाडू. खऱ्या एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, १५ सप्टेंबरची रेषा असते. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण झाले तरच त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नाव येतं. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी तो २०१५ च्या ड्राफ्टला मुकला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

सिम लीगमध्ये वयाच्या जागी खेळाडू तयार झाल्याची तारीख असते. खिडकी उघडल्याच्या पहिल्या दिवशी आलेला आणि बंद व्हायच्या आदल्या दिवशी आलेला, दोघे एकाच क्लासमध्ये मोजले जातात. मधल्या काळात पहिल्याला कमाईचे कित्येक आठवडे जास्त मिळालेले असतात. निम्मी चुकीची रँकिंग इथूनच जन्माला येतात.

सुरुवात कुठून करायची?

एका तक्त्यापासून. गूगल शीट्स पुरतं. प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ आणि निदान एवढे रकाने ठेवा: खेळाडूचं नाव, सदस्याचं नाव, पोझिशन, तयार झाल्याची तारीख, पहिलाच खेळाडू आहे की सदस्य जुना आहे, एकूण टीपीई, खर्च केलेले गुण, बँकेत शिल्लक गुण, शेवटच्या अपडेटची तारीख आणि ज्युनिअर संघ.

त्यानंतर दर आठवड्याला एकाच वारी एकूण टीपीईची नोंद नव्या रकान्यात घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. ड्राफ्टच्या आदल्या रात्री एकदाच आकडे गोळा केले तर एखादा चढत्या क्रमात आहे की गेला महिनाभर झोपलाय, हे कळायला मार्ग उरत नाही. तुमच्या लीगच्या पोर्टलवर प्रत्येक खेळाडूच्या कमाईचा तारीखवार इतिहास असेल तर मागचे आठवडे भरून काढता येतात. नसेल तर क्लासची खिडकी उघडल्यापासूनच नोंदी सुरू करा.

एकूण टीपीईनुसार क्रम लावला तर काय बिघडतं?

एकूण टीपीईत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, खेळाडू तयार करताना सगळ्यांना मिळणारे सुरुवातीचे गुण. दोन, नवख्यांना एकदाच मिळणारे गुण, जसे ओळखीचं काम, नियमांची प्रश्नावली, मार्गदर्शक वाचल्याचे गुण. तीन, दर आठवड्याची कमाई. पुढे चालू राहणार आहे ती फक्त तिसरी.

समजा सुरुवातीचे गुण १५५ आणि एकदाच मिळणारे २४. खेळाडू 'अ'चे २९० टीपीई आहेत आणि तो १५ आठवड्यांपूर्वी तयार झाला. 'ब'चे २६१ आहेत आणि तो आला ९ आठवड्यांपूर्वी. यादीत 'अ' २९ गुणांनी वर दिसतो.

आता वजाबाकी करा. 'अ'ची आठवड्याची कमाई १११, भागिले १५, म्हणजे आठवड्याला ७.४. 'ब'ची ८२, भागिले ९, म्हणजे ९.१. आठवड्याला १.७ गुणांचा फरक. २९ गुणांची दरी साधारण १७ आठवड्यांत भरून निघते. सीझन आठ आठवड्यांचा धरला तर दोन सीझन आणि वर एक आठवडा. पाच सीझननंतर, म्हणजे ४० आठवड्यांनी, 'अ' ५८६ च्या आसपास असेल आणि 'ब' ६२५ च्या. मुख्य लीगमध्ये खेळाडू खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो तो याच सुमारास, आणि तेव्हा 'ब' स्पष्ट पुढे असतो.

एकूण टीपीई ही आजवरची जमा आहे. ड्राफ्टमध्ये तुम्ही विकत घेता ती आवर्ती ठेव, आणि तिथे दर महिन्याचा हप्ता किती आणि तो चुकतो का, हेच बघायचं असतं.

कमाईचा दर चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

आधी नियमपुस्तक उघडून कमाल आकडा काढा. आठवड्याचं लेखी काम किती गुणांचं, हजेरीचे किती, अंदाज स्पर्धेचे किती, लीगमधल्या पगारातून विकत घेता येणाऱ्या प्रशिक्षणाचे किती. समजा सगळं मिळून आठवड्याला १२ मिळू शकतात. मग वरच्या उदाहरणातला 'अ' उपलब्ध गुणांपैकी सुमारे ६२ टक्के उचलतोय आणि 'ब' ७६ टक्के.

इथे थांबू नका. उरलेले टक्के कुठे जातायत हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक ड्राफ्ट लेखांत नेमकं हेच राहून जातं. ६२ टक्क्यांचे दोन खेळाडू घ्या. एकजण दर तिसऱ्या आठवड्याचं लेखी काम चुकवतो. दुसरा प्रत्येक आठवड्याचं काम वेळेत देतो, हजेरी लावतो, पण त्याने आजवर एकदाही प्रशिक्षण विकत घेतलेलं नाही आणि त्याच्या खात्यात पगार नुसता पडून आहे. दुसऱ्याला ती सोय बहुधा माहीतच नाही. जीएमच्या एका संदेशाने त्याचा दर ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. पहिल्याच्या बाबतीत अडचण सवयीची आहे आणि ती संदेशाने सुटत नाही. एकूण आकडा सारखा असला तरी दुसऱ्याला एक अख्खी फेरी आधी घ्यावं.

त्यासाठी कमाईचा तपशील प्रकारवार बघा. वीसेक मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते कुठल्याही रँकिंगमध्ये सापडत नाही.

शेवटचे चार आठवडे वेगळे का काढायचे?

कारण सरासरी जुन्या उत्साहाला धरून बसते. पहिले सहा आठवडे १२ आणि नंतरचे सहा आठवडे ४ कमावणाऱ्याची सरासरी ८ येते, कायम ८ कमावणाऱ्याइतकीच. पूर्ण काळाचा दर आणि शेवटच्या चार आठवड्यांचा दर शेजारी शेजारी ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या दोन-तृतीयांशाखाली गेला असेल तर कारण शोधा. परीक्षा किंवा सुट्टी असेल तर सदस्याने बहुधा रजेचा धागा टाकलेला असतो. तो नसेल तर काळजी करण्यासारखं आहे.

अगदी नवा सदस्य घ्यावा की जुन्याचा नवा खेळाडू?

पहिलाच खेळाडू असलेल्याला फर्स्ट-जेन म्हणतात. आधीचा खेळाडू निवृत्त करून नवा काढणारा म्हणजे रीक्रिएट.

रीक्रिएटचा मोठा फायदा म्हणजे त्याचा इतिहास उघडा असतो. आधीच्या खेळाडूचा एकूण आकडा बघा, तो किती सीझन खेळला ते बघा आणि तो कसा संपला हेही बघा. ठरल्याप्रमाणे निवृत्त झाला, की दोन सीझन बेपत्ता राहून नियमाने काढून टाकला गेला? मागच्या वेळी नवव्या सीझनपर्यंत टिकलेला माणूस या वेळीही टिकण्याची शक्यता चांगली. एक तपासणी मात्र विसरू नका. काही लीगमध्ये जुन्या खेळाडूच्या कारकिर्दीवरून नव्याला काही गुण पुढे मिळतात. ते दर काढताना वजा करायलाच हवेत, नाहीतर रीक्रिएट फुगलेला दिसतो.

फर्स्ट-जेनमध्ये पसारा मोठा. पुढे लीग चालवणारी माणसंही याच गटातून येतात आणि ड्राफ्टनंतर आठवडाभरात गायब होणारेही. म्हणून पहिल्या फेरीच्या वरच्या टोकाला दर सारखा असेल तर रीक्रिएट, आणि तिसऱ्या फेरीनंतर डोळे मिटून फर्स्ट-जेन. तिथे मध्यम कमाईचा रीक्रिएट तुम्हाला मध्यमच देईल. फर्स्ट-जेन निदान वर जाऊ शकतो.

कोण टिकणार नाही, याची लक्षणं कोणती?

नवखे गळतात ते साधारण तीन वळणांवर. एकदाच मिळणारी सोपी कामं संपली की आठवड्याला गुण कमी दिसू लागतात, ते पहिलं. ज्युनिअर ड्राफ्टची धामधूम ओसरून सीझन सुरू होतो आणि चौथ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी तुकडी, चौथी सगळ्यात कमी खेळते) खेळणाऱ्या आपल्या खेळाडूच्या नावापुढे चारच गोल दिसतात, ते दुसरं. तिसरं वळण मुख्य ड्राफ्टनंतरचं. निवड झाली, पण संघ अजून एक-दोन सीझन ज्युनिअरमध्येच ठेवणार, आणि लॉकर रूममध्ये, म्हणजे संघाच्या गप्पांत, ओळखीचं कोणी नाही.

टिकणाऱ्याची खूण म्हणजे तो प्रश्न विचारतो. 'माझ्या सेंटरला आता फेसऑफ वाढवू की पासिंग?' असं ज्युनिअर जीएमला विचारणारा नवखा, गुणांत थोडा मागे असला तरी, वर ठेवण्यासारखा. (सेंटर म्हणजे मधला आक्रमक, आणि फेसऑफ म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं.) म्हणून ज्युनिअर संघाच्या जीएमशी बोला. लीगच्या डिस्कॉर्डवर ते बहुतेक मोकळेपणाने सांगतात. फक्त हे लक्षात ठेवा की त्यांना आपले खेळाडू वरच्या क्रमांकावर जायला हवे असतात. 'कसा आहे?' असं विचारलं तर 'मस्त आहे' हेच उत्तर येणार. त्यापेक्षा 'गेल्या महिन्यात संघाच्या गप्पांत किती वेळा बोलला?' असं विचारा.

बँकेत बरेच गुण पडून असतील तर तो आळशी समजायचा का?

लगेच नको. बऱ्याच ज्युनिअर लीगमध्ये खर्च करता येणाऱ्या गुणांवर मर्यादा असते, आणि ती गाठली की पुढची कमाई बँकेतच जाते. तो मर्यादेच्या खाली असूनही बँक फुगलेली असेल तर दोन शक्यता: अपडेट टाकायचं विसरलाय, किंवा महागड्या पायरीसाठी जमवतोय. शेवटच्या अपडेटची तारीख आणि कमाईची तारीख जुळवून पाहिली की उलगडा होतो.

बिल्डला किती महत्त्व द्यायचं?

बिल्ड म्हणजे गुण कुठल्या कौशल्यांवर कसे वाटलेत ते. ड्राफ्टच्या वेळी त्याला महत्त्व कमी. बहुतेक लीगमध्ये कौशल्य जितकं वर, तितकी पुढची पायरी महाग. १० वरून ११ ला जायला समजा ४ गुण लागत असतील तर १५ वरून १६ ला त्याच्या तिप्पट-चौपट लागू शकतात. त्यामुळे सुरुवातीला चुकीच्या ठिकाणी घातलेले गुण एकूण खर्चात फार मोठे नसतात, आणि अनेक लीग नवख्याला एकदा पुनर्रचना करू देतात.

तरी काही गोष्टी डोळ्यांखालून घाला. विंगरने, म्हणजे कडेच्या आक्रमकाने, फेसऑफवर गुण घातले असतील तर ते वाया गेले, कारण पक टाकली जाते तेव्हा समोर सेंटर उभा असतो. एफएचएममध्ये शूटिंग अॅक्युरसी आणि शूटिंग रेंज वाढवून गेटिंग ओपन आणि ऑफेन्सिव्ह रीड तळाशी ठेवलेला फॉरवर्ड कागदावर नेमबाज दिसतो, पण मोकळी जागाच सापडत नसल्याने शॉट कमी घेतो. बचावपटूचं पोझिशनिंग आणि स्टिकचेकिंग सोडून नुसतं हिटिंग वाढवलेलं असेल तर सामन्यात ते झगमगतं आणि गोल खाल्ले जातात. अशा बिल्डचा माणूस ऐकणारा आहे का, एवढंच विचारा. ऐकणारा असेल तर बिल्ड दोन सीझनमध्ये सरळ होतं.

इंजिनही बघा. एसटीएचएसमध्ये रेटिंगची यादी लहान, आणि खेळाडू कुठल्या लाइनवर खेळतो याला सगळ्यात जास्त महत्त्व. एफएचएममध्ये भूमिका आणि डावपेच यांना वजन असल्याने एकाच एकूण आकड्याचे दोन खेळाडू खूप वेगळे खेळू शकतात. एका लीगचं 'उत्तम बिल्ड' दुसऱ्या लीगमध्ये जसंच्या तसं चालत नाही, आणि इंजिनाची नवी आवृत्ती आली की जुनं शहाणपण पुन्हा तपासावं लागतं.

ज्युनिअर लीगमधले गोल-असिस्ट मोजायचे की नाही?

मोजा, पण सगळ्यात शेवटी. सिममध्ये खेळाडूचा 'फॉर्म' फारसा नसतो. त्याचे गुण, त्याचे सोबती, बर्फावरचा वेळ आणि नशीब एवढंच असतं. तगड्या संघाच्या पहिल्या पॉवर प्लेवर (समोरच्याला शिक्षा होऊन त्याचा खेळाडू कमी असतो तेव्हा) असलेला कमकुवत खेळाडू आकड्यांत सहज चमकतो.

आधी बर्फावरचा सरासरी वेळ बघा, मग साठ मिनिटांमागे शॉट काढा, मग पॉवर प्लेवरचे गोल-असिस्ट वेगळे करा. समजा एका विंगरने १५० शॉटमध्ये २७ गोल केले. म्हणजे १८ टक्के. त्याच लीगमध्ये त्याच्यासारख्या फॉरवर्डची सरासरी ११ टक्के असेल तर त्या शॉटचे सोळा-सतरा गोल व्हायला हवे होते. वरचे दहा पुढच्या सीझनमध्ये येतीलच असं धरू नका. उलट ११० शॉटवाला आणि ७ गोलवाला तिसऱ्या लाइनचा मुलगा बऱ्याचदा स्वस्तात मिळतो.

गोलीचा हिशोब वेगळा का?

कारण जागाच मोजक्या. सामन्याच्या यादीत दोन गोली असतात, पण खेळतो जवळपास एकच. लीगमध्ये २० संघ असतील तर खऱ्या जागा २०. क्लासमध्ये पाच चांगले गोली आले आणि पुढच्या तीन सीझनमध्ये दोनच जुने निवृत्त होणार असतील तर तिघे बाकावर बसणार आणि त्यातले बरेच कंटाळून जाणार. म्हणून गोलींची यादी करण्याआधी लीगमधल्या सध्याच्या गोलींचं वय आणि त्यांचा रिग्रेशनचा टप्पा लिहून काढा. रिग्रेशन म्हणजे ठरावीक सीझननंतर दर सीझनला गुणांत होणारी कपात.

गोलीच्या सेव्ह टक्केवारीवर, म्हणजे अडवलेल्या शॉटच्या प्रमाणावर, भिस्त ठेवू नका. सीझनमध्ये १,५०० शॉट झेलले आणि खरी क्षमता ०.९१० असेल, तर केवळ योगायोगाने ती साधारण ०.००७ नी वर-खाली होते. ०.९१० आणि ०.९१७ मधला फरक एका सीझनवरून सांगताच येत नाही. त्यात समोरच्या बचावाचा दर्जा मिसळलेला असतो तो वेगळाच.

खऱ्या हॉकीतही गोली ओळखणं अवघडच. २००० च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक रिक डिपिएट्रो या गोलीला मिळाला, आणि त्याच ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. सिममध्ये एक सुख आहे: गोलीची कमाई उघड दिसते. गोली निवडताना फक्त दर आणि सातत्य बघा. गोली हा पूर्ण कारकिर्दीचा सौदा आहे. अर्ध्यात गायब झालेल्या विंगरला संघ झाकून नेतो, गोलीला झाकता येत नाही.

क्रमवारी लावायची की गट पाडायचे?

गट. सगळ्यांचा पाच सीझननंतरचा अंदाज काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि मोठ्या फटी कुठे आहेत ते शोधा. समजा पहिले तिघे ६०० च्या वर, चौथा ते नववा ५६० ते ५४० मध्ये, आणि दहावा थेट ४८०. मग चौथी आणि नववी निवड जवळपास सारखीच. चौथी तुमच्याकडे असेल तर ती देऊन आठवी आणि वर दुसऱ्या फेरीची एक निवड मागा. उलट दहावी तुमची असेल तर नवव्यासाठी थोडं जास्त मोजलं तरी चालेल, कारण त्या एका पायरीत ६० गुणांची दरी आहे.

गटाच्या आत मात्र आकड्यांवर भांडू नका. ५५२ आणि ५४७ मधला फरक तुमच्या अंदाजाच्या चुकीपेक्षा लहान आहे. तिथे पोझिशन, स्वभाव आणि संघात ओळखीचं कोण आहे, हे निकष लावा.

क्लास 'तगडा' आहे हे कधी म्हणावं?

मागच्या क्लासशी तुलना करताना तारीख नव्हे, ड्राफ्टला उरलेले आठवडे जुळवा. सहा आठवडे आधीचा आजचा क्लास आणि मागचा ड्राफ्टच्या दिवशीचा क्लास शेजारी ठेवले तर नवा नेहमीच दुबळा दिसतो. मधल्या काळात गुणांचे नियम बदललेत का हेही पाहा. आठवड्याला एक गुण जास्त मिळू लागला की पुढचे सगळे क्लास आपोआप तगडे वाटतात. अशा वेळी नुसत्या गुणांऐवजी उपलब्ध गुणांची टक्केवारी ताडून पाहा.

शिवाय वरचं टोक आणि खोली वेगळी मोजा. दोन तारे आणि मागे शुकशुकाट असा क्लास असतो, आणि एकही तारा नसताना सक्रिय तीसजणांचाही असतो. पहिल्यात वरच्या निवडी सोडू नका, दुसऱ्यात मागच्या निवडी गोळा करा.

संघाला बचावपटू हवा आणि यादीत वर विंगर आहे. मग?

विंगर घ्या. आज निवडलेला खेळाडू पूर्ण ताकदीने खेळायला चार-पाच सीझन लागतात, आणि तोवर तुमची आजची गरज उरलेली नसते. शिवाय बऱ्याच लीगमध्ये पोझिशन एकदा बदलता येते. आधी त्या सदस्याला विचारा. न विचारता 'हा पुढे बचावात जाईल' असं गृहीत धरून निवड केली तर नाराजी ठरलेली. गटाच्या आत बरोबरी असेल तेव्हाच गरजेचा विचार करा.

ज्या लीगमध्ये खेळाडू संगणकाचे असतात तिथे हे सगळं लागू पडतं का?

कमाईचा भाग नाही. जीएम-लीगमध्ये प्रत्येक सदस्य संघ चालवतो आणि प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडू, डेटाबेसमधून येतात. एफएचएममध्ये दिसणारे क्षमतेचे तारे तुमच्या स्काऊटच्या नजरेतले असतात, म्हणून एकाच खेळाडूचे दोन संघांना वेगळे तारे दिसू शकतात. एका अहवालावर पहिल्या फेरीची निवड लावू नका.

तिथे वय आणि लीगचा दर्जा वजन धरतात. वेगवेगळ्या लीगचे गुण (इथे गोल अधिक असिस्ट) एनएचएलच्या मापात बदलायला गुणक वापरतात. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगसाठी तो साधारण ०.३ धरला जातो. ६० सामन्यांत ९० गुण करणारा मुलगा सामन्यामागे १.५ वर आहे. गुणिले ०.३, म्हणजे ०.४५. एनएचएलच्या ८२ सामन्यांत सुमारे ३७ गुण. हाच आकडा एखाद्याचा नुकताच अठरावं लागलेला असताना आणि दुसऱ्याचा एकोणीस संपत आलेला असताना आला असेल, तर धाकटा बराच पुढे. मागच्या फेऱ्याही सोडून देऊ नका. एनएचएलच्या डेट्रॉइट संघाने पावेल दात्स्यूकला १९९८ मध्ये १७१ व्या आणि हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर घेतलं होतं.

भारतात बसून ड्राफ्टच्या रात्री हजर कसं राहायचं?

बहुतेक लीग टोरंटो-न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतात. तिथे रात्री ९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या उन्हाळी वेळेत ६:३० ला आणि हिवाळ्यात ७:३० ला. घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत वेळ पुन्हा तपासा.

ऑफिसची बस गाठायची असेल तर आदल्या रात्री लीगच्या कमिशनरकडे किंवा सह-जीएमकडे यादी देऊन ठेवा. यादी तुमच्या निवडीच्या क्रमांकाइतकी तरी लांब हवी. चौदाव्या निवडीसाठी आठच नावं दिली तर ती आधीच संपलेली असतील आणि नियमानुसार सर्वाधिक टीपीईवाला तुमच्या गळ्यात पडेल, म्हणजे नेमकी जी चूक टाळायची होती तीच. गटाची सीमा कुठे आहे तेही यादीत लिहा, म्हणजे सह-जीएमला कुठे निवड विकायला हरकत नाही हे समजेल.

एकाच घरातून किंवा हॉस्टेलमधून दोघांनी खेळाडू काढले तर चालतं?

बहुतेक ठिकाणी चालतं, पण आधी कळवावं लागतं. एकाच वाय-फायवरून दोन खाती दिसली की एकच माणूस दोन खेळाडू चालवतोय असा संशय येतो आणि दोन्ही खाती थांबवली जाऊ शकतात. दुसरं खातं उघडण्याआधी कमिशनरला संदेश पाठवा.

ड्राफ्टवर लेख लिहिताना काय सांभाळायचं?

या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे एक माणूस आहे, त्यात शाळा-कॉलेजातली मुलंही असतात, आणि लेख ती पहिल्यांदा वाचतात. 'हा महिनाभरात गायब होणार' असं जाहीर लिहिलं तर ते खरं ठरायला तुमच्या लेखाचाच हातभार लागतो. काळजीचा मुद्दा तुमच्या शीटमध्ये ठेवा. लेखात 'प्रशिक्षण घ्यायला लागला तर दुसऱ्या फेरीत जाईल' असं लिहा, त्यातून त्याला काय करायचं ते कळतं. कोणाचं वय, गाव, कॉलेज असे खाजगी तपशील टाकू नका. आकडे कुठल्या तारखेचे आहेत हे वरच लिहा, कारण आठवड्याभरात ते शिळे होतात.

आपलं विश्लेषण बरोबर होतं का, हे कधी तपासायचं?

तीन सीझननंतर एकदा आणि पाचव्यानंतर पुन्हा. त्यासाठी ड्राफ्टच्या दिवशीची शीट बंद करून प्रत वेगळी ठेवा, तिच्यात नंतर काही बदलू नका. प्रत्येकासमोर तुमचा अंदाज, प्रत्यक्ष टीपीई आणि तो अजून सक्रिय आहे का, एवढंच भरा. सक्रिय राहिलेल्यांचा अंदाज किती चुकला आणि सोडून गेलेले तुम्ही कुठल्या गटात ठेवले होते, हे वेगवेगळं काढा. सक्रिय लोकांचे अंदाज सहसा बरे येतात. मोठी चूक होते ती सोडून जाणाऱ्यांत, आणि पहिल्या फेरीत ठेवलेले तिघे गेले असतील तर त्यांचे शेवटचे चार आठवडे, प्रशिक्षणाचा रकाना आणि ज्युनिअर जीएमचं उत्तर पुन्हा उघडून बघा. पुढच्या क्लासची खिडकी उघडायच्या आत त्या रकान्यांचं वजन बदला.